विलायती अळू

शनिवारी मानसीची अर्धीच ड्यूटी असायची. त्या दिवशीही ती जेवणवेळेलाच घरी आली, तर दाराला कुलूप. सासूबाई शेजारी कुठे बसल्या असतील म्हणून तिने आपल्या किल्लीने दार उघडलं, पर्स टेकवली आणि वाळलेले कपडे काढायला मागच्या दाराने बाहेर गेली. अर्धी दोरी रिकामी झाली असेल, तेवढ्यात तिचं लक्ष कोपऱ्यातल्या निळ्या बादलीकडे गेलं आणि टॉवेल हातातच राहिला.

बादलीतलं झाड बोडकं झालं होतं. सकाळी ती निघाली तेव्हा त्याच्यावर सुपासारखी रुंद, कडांना मुरडलेली पानं होती. आता बुंध्याशी नुसते कापलेले खुंट दिसत होते, लालसर आणि ओले. मोरीजवळच्या कचऱ्याच्या डब्यात हातभर लांबीचे देठ टाकलेले होते. दोन-तीन देठ कुणीतरी सोलायला घेऊन अर्ध्यात सोडले होते.

मानसीने डबा तिथेच फरशीवर उपडा केला. चहाचा चोथा, कांद्याची सालं, देठ. पान एकही नव्हतं.

ती धावत स्वयंपाकघरात आली. ओट्यावर पातेलं झाकलेलं होतं. झाकण काढलं तर आमसुलाचा आणि मेथीच्या फोडणीचा वास आला. तळाला गडद हिरवं, दाट असं काहीतरी उरलं होतं, त्यात शेंगदाणे आणि फणसाच्या आठळ्या. सासूबाईंचा, मालनबाईंचा, हात त्या भाजीत ओळखू येत होता. घासलेलं एक ताट पालथं घातलेलं होतं. म्हणजे त्या जेवल्या होत्या. मांडणीवरचा दोन पुडांचा डबा मात्र जागेवर नव्हता.

 मानसीला एकच गोष्ट आठवत राहिली, सिद्धेशने तिला सांगितलेली. ह्याचे फक्त देठ खायचे. पान खायचं नाही. पानात विष असतं.

सिद्धेश, तिचा नवरा, लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा. दिवसभर अंधाऱ्या विहिरीसारख्या शाफ्टमध्ये काढल्यावर घरी आला की त्याला काहीतरी हिरवं बघायला लागायचं. बोरिवलीला देवीपाड्याजवळ त्यांचं तळमजल्याचं घर होतं आणि मागे, इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधे, एक अरुंद पट्टी होती. पूर्वी तिथे घुशी आणि फुटक्या कुंड्या यांच्याशिवाय काही नव्हतं. लॉकडाऊनमध्ये त्याने ती साफ केली, पाण्याची एक जुनी टाकी आडवी कापून तिच्यात मासे सोडले आणि वर खडी भरलेले ट्रे चढवले. माशांचं घाण पाणी पंपाने वर जायचं, खडीतली मुळं त्यातलं हवं ते शोषून घ्यायची आणि नितळ झालेलं पाणी पुन्हा टाकीत ठिबकायचं. माती नाही, खत नाही. त्या खडीत पालक यायचा, पुदिना यायचा, टोमॅटो तर इतके की इमारतीत वाटावे लागायचे. मालनबाईंना ती टाकीतली चिलापी अजिबात पसंत नव्हती. मालवणच्या खाडीकाठी वाढलेली बाई, चिखलाचा वास मारणाऱ्याला ती मासा म्हणायलाच तयार नसायची. पण रोज सकाळी टाकीत खाणं टाकायच्या त्याच.

बादलीतल्या त्या झाडाचं, रुबार्बचं, बी आणलं होतं देवव्रतने, म्हणजे सिद्धेशच्या बहिणीच्या, श्रुतिकाच्या नवऱ्याने. कंपनीच्या कामासाठी तो स्कॉटलंडला गेला होता, तिथे त्याने कुठल्यातरी मिठाईत ते आंबटगोड देठ खाल्ले आणि मेव्हण्याची आठवण ठेवून बियांचं पाकीट आणलं. सिद्धेश ज्या माशाभाजीवाल्यांच्या ग्रुपवर होता तिथे सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. थंड देशातलं झाड, मुंबईच्या उकाड्यात ते कसलं जगतंय. तेवढंच त्याला पुरलं. पावसाळा सरल्यावर त्याने बी लावलं. त्याचा गड्डा सतत ओला राहिला तर कुजतो म्हणून त्याला खडीची वेगळी बादली दिली, पाणी येऊन लगेच निथळून जाईल अशी. दुपारी टाकीत बर्फाच्या बाटल्या सोडायचं काम मालनबाईंकडे होतं. माघाच्या थंडीत त्या एका रोपाने असा काही जीव धरला की येणारा-जाणारा थांबून बघायचा.

मालनबाईंनीही विचारलं होतं, ह्याचं नाव काय म्हणून. सिद्धेशने नाव सांगितलं, त्यांना ते काही उच्चारता येईना, तेव्हा तो हसत म्हणाला होता, "विलायती अळू समज गं आई." मानसी तिथेच लसूण सोलत बसली होती. तीही हसली होती. नंतर सिद्धेशने तिला पानांचं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, आईंना सांगून ठेव. तो म्हणाला, हो, सांगतो. त्यानंतर घरात हा विषय निघाल्याचं तिला आठवेना.

तिने सिद्धेशला फोन लावला. तो कव्हरेजच्या बाहेर होता. लिफ्टच्या शाफ्टमध्ये असला की तो तासन्‌तास तसाच असायचा. मालनबाईंना लावला, तर घंटी बाहेरच्या खोलीतच वाजली. फोन टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेला होता.

ती वरच्या मजल्यावर जयाकडे गेली. जया आणि तिचा नवरा अंबादास मूळचे जालन्याकडचे, इमारतीत वीस वर्षं असलेले. मालनबाईंचं दुपारचं बसणं तिथेच असायचं. मानसीचा चेहरा बघून जयाने आधी तिला आत ओढून खुर्चीवर बसवलं.

मालनबाई येऊन गेल्या होत्या. भाजीची वाटी देऊन गेल्या होत्या. श्रुतिकाला डोहाळे लागलेत, सातवा चालू आहे, पोर अळवाचं फदफदं मागतेय, तर म्हटलं दारचंच आहे, करून नेते, असं म्हणत होत्या. जेवून निघाल्या होत्या. घशाला जरा खाजतंय म्हणाल्या, म्हणून आमसुलं वाढवून पुन्हा एक उकळी काढली, असंही सांगत होत्या.

"तुम्ही खाल्लीत का?" मानसीने विचारलं.

"संध्याकाळी भाकरीसोबत खाऊ म्हणून ठेवलीय. का गं?"

मानसीने सांगितलं. जयाने पुढे काही विचारलं नाही. ती आत गेली, फ्रिजमधून वाटी काढली, एका डब्यात भाजी ओतून झाकण घट्ट लावलं आणि डबा मानसीच्या हातात दिला. डॉक्टर विचारतील काय खाल्लं म्हणून, हे सोबत ठेव, म्हणाली. आणि तू नीघ, सिद्धेशला फोन मी लावत राहते.

मेट्रो स्टेशनकडे निघाल्यापासून मानसी श्रुतिकाला फोन लावत होती. रिंग वाजायची आणि बंद व्हायची. तिने मेसेज टाकला, भाजी खाऊ नकोस, आईंनाही देऊ नकोस. तो पोचल्याची खूण आली, वाचल्याची येईना. देवव्रतला लावला, तो ऑफिसात होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग निघतो एवढंच म्हणाला. थोड्या वेळाने त्याचाच फोन आला की सोसायटीच्या वॉचमनशी बोलणं झालं, आजी केव्हाच वर गेल्या आहेत, पण इंटरकॉम कुणी उचलत नाही.

श्रुतिका राहायची ते दिंडोशी देवीपाड्याहून मेट्रोने फार लांब नाही. मालनबाईंना मेट्रो आवडायची. खिडकीला टेकून खाली हायवेवरच्या गाड्या बघत जायला मिळतं म्हणून त्या लेकीकडे जायची निमित्तंच शोधायच्या. आजही त्या अशाच खिडकीशी बसून गेल्या असतील, डबा मांडीवर, हात डब्यावर. मानसीला तो डबा डोळ्यांसमोरून हलवता येईना.

ती स्वतः पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायच्या कामाला होती. दर तीन महिन्यांनी सासूचं रक्त तीच काढायची, आणि क्रिएटिनिनचा आकडा आधी तिच्याच डोळ्यांखालून जायचा. मालनबाईंना जुना मधुमेह होता. किडन्यांचं काम निम्म्यावर आलं होतं. डॉक्टर म्हणायचे, आहे हे जपा, एवढ्यावर त्या खूप वर्षं काढतील. त्या पानांतलं विष नेमकं किडनीलाच जाऊन भिडतं, हे सिद्धेशने वाचून दाखवलेलं तिला आता शब्दन्‌शब्द आठवत होतं. निरोग्या माणसाचं पोट बिघडेल, फार तर दोन दिवस झोपून राहील. पण आईंचं काय होईल आणि श्रुतिकाच्या पोटातल्या जिवाचं काय होईल, हे कुठे लिहिलेलं असलं तरी तिला ठाऊक नव्हतं. फोन हातात होता, शोधायचं धाडस होत नव्हतं.

दिंडोशीला मेट्रोतून उतरून ती स्टेशनचा जिना धावतच उतरली. श्रुतिकाच्या दारापाशी पोचली तेव्हा तिचा श्वास छातीत मावत नव्हता. तिने बेल दाबली. आत पाण्याचा आवाज येत होता, नळ मोठा सोडल्यासारखा. पुन्हा बेल दाबली, मग दार हाताने बडवायला लागली. समोरच्या घरातली बाई बाहेर येऊन बघायला लागली. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि मग कडी निघाली.

श्रुतिकाचे हात कोपरापर्यंत ओले होते. गाऊन पुढून भिजला होता.

"वहिनी, बरं झालं आलीस. आईला काय होतंय मला कळतच नाहीये. कधीची ओकतेय."

"तू खाल्लीस का ती भाजी?"

"अगं, आईकडे बघ ना आधी."

"श्रुतिका, किती खाल्लीस?"

मानसीच्या आवाजाने ती दचकली. दोन घास खाल्ले, म्हणाली. घसा ओरबाडल्यासारखा झाला म्हणून ताट सरकवलं. मग ते आईनेच संपवलं, टाकायला नको म्हणून. खाजरं अळू बाधत नाही, आमसूल तेवढं कमी पडलंय, म्हणत होती.

म्हणजे मालनबाई दोनदा जेवल्या होत्या.

त्या बाथरूमच्या फरशीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. लुगड्याचा पदर खांद्यावरून खाली आला होता आणि तो सावरायचंही त्यांना भान नव्हतं. ओठांभोवती पांढरट झालं होतं. मानसीला बघून त्यांनी हात हलवला आणि मुंबईत चाळीस वर्षं काढूनही संकटात तोंडी येणाऱ्या त्यांच्या मालवणीत त्या म्हणाल्या, "माका काय होवचा नाय. तिका बघ आधी. तीसुदिक खाल्ल्यान गो."

दोघींनी मिळून त्यांना उठवलं, लिफ्टने खाली आणलं. वॉचमनने रिक्षा थांबवून ठेवली होती. मानसीने निघताना घरातलं होतं तेवढं दूध श्रुतिकाला प्यायला लावलं, सासूलाही पाजायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या पोटात काही ठरत नव्हतं. रिक्षात मालनबाई दोघींच्या मधे बसल्या. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "खाजरा होता काय गो अळू?"

मानसीला वाटलं, आत्ता सांगू नये. मग वाटलं, डॉक्टरांसमोर कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं.

"आई, ते अळू नव्हतं."

"मगे?"

"ते वेगळं झाड आहे. त्याचे देठ खातात. पानं खात नाहीत, पानं विषारी असतात."

मालनबाईंनी डोळे उघडले. त्या मानसीकडे बघत राहिल्या, जणू ती अजून काही बोलेल आणि हे सगळं खरं नाही म्हणेल. मग त्यांची मान हळूहळू दुसरीकडे वळली, श्रुतिकाच्या पोटाकडे. श्रुतिकाने नकळत दोन्ही हात पोटावर ठेवले होते. मालनबाईंचा हात तिथे जायला उचलला आणि मधेच थांबला. त्यांनी तो मागे घेतला, आपल्या मांडीखाली दाबून ठेवला आणि हॉस्पिटल येईपर्यंत तो तिथून काढला नाही.

हॉस्पिटल जवळच होतं. तिथल्या तरुण डॉक्टरने काय खाल्लं विचारलं आणि मानसीने नाव सांगितल्यावर त्याने तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. तिने मोबाइलमधला झाडाचा फोटो दाखवला, जयाने दिलेला डबा पुढे केला. त्याने झाकण उघडून आत पाहिलं. हे घरी लावलं होतं का, त्याने विचारलं. ती हो म्हणाली. कशाला, म्हणाला. खोचकपणा नव्हता त्यात, त्याला खरंच कळत नव्हतं. मानसीने डब्याचं झाकण पुन्हा लावलं.

मग मात्र त्याने हात भराभर चालवले. फोनवर कुणा मोठ्या डॉक्टरशी बोलला, सलाइन लावलं, कॅल्शियम दिलं, रक्त पाठवलं. रक्त काढणारी मुलगी नवखी होती, मालनबाईंची शीर तिला मिळेना. त्या शिरा मानसीला डोळे मिटूनही सापडल्या असत्या. पण त्या वेळी ती पुढे झाली नाही. श्रुतिकाला वरच्या मजल्यावर नेलं. तेवढ्यात देवव्रत आला, बूट घसरत जिन्याने वर पळाला, मानसीकडे त्याने पाहिलंही नाही.

त्यानंतर सुरू झालं ते थांबणं. पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी टांगली होती. आतमध्ये किडन्या चालताहेत की नाहीत हे त्या पिशवीवरून कळणार होतं, आणि ती पिशवी कोरडी होती. बाटलीमागून बाटली सलाइन आत जात होतं आणि बाहेर काही येत नव्हतं. मालनबाईंच्या पायांवर हळूहळू सूज चढायला लागली. लॅबमध्ये मानसीने असे रिपोर्ट कितीतरी पाकिटात घालून लोकांच्या हाती दिले होते, तोंड कोरं ठेवून. आता नर्स जवळून गेली की तिच्या हातात कागद आहे का, एवढंच ती बघत होती.

देवव्रत खाली आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर थोडा रंग परतला होता. बाळ ठीक होतं. त्याने ठोक्यांचा आवाज फोनमध्ये घेतला होता. तो मालनबाईंच्या उशाशी बसला आणि फोन त्यांच्या कानाला लावला. छोटी मोटार चालावी तसा धडधड, धडधड आवाज. त्या ऐकत राहिल्या. आवाज संपल्यावर म्हणाल्या, "परत लाव." त्याने परत लावला. त्यांच्या मिटल्या डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर उतरत होतं.

सिद्धेश आला तो कामाच्या कपड्यांत, हातांना ग्रीस तसंच. जयाचा फोन त्याला शाफ्टमधून बाहेर आल्या आल्या लागला होता. आईकडे बघून तो व्हरांड्यात आला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मानसी त्याच्या शेजारी उभी राहिली. दोघांच्याही मनात जे होतं ते विचारायची दोघांनाही भीती वाटत होती.

शेवटी तोच म्हणाला, "तू सांगितलं असशील, असं मी धरून चाललो."

"तू म्हणालास, सांगतो."

"हो." तो बोटांवरचं ग्रीस पुसत राहिला. "मीच म्हणालो होतो. आणि मीच तिला अळू म्हणून सांगितलं."

मानसीला वाटलं होतं, हे ऐकलं की आपलं ओझं हलकं होईल. तसं झालं नाही. ती त्या घरात रोज त्या झाडाजवळून कपडे वाळत घालत होती. रोज.

दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन दुपटीच्या वर गेलं. मोठे डॉक्टर येऊन डायलिसिसबद्दल बोलून गेले. एकदा सुरू केलं तर कदाचित थांबवता येईल, कदाचित येणार नाही. सिद्धेशने सही केली. सही करताना त्याने पेन दोनदा खाली ठेवलं. मानसी पलंगाशी बसून राहिली. मालनबाई मधेच भ्रमात बोलायच्या, माशांना खाणं घातलंत का विचारायच्या, मग एकदम जाग्या होऊन श्रुतिकाचं नाव घ्यायच्या. ती घरी सुखरूप आहे असं दरवेळी सांगावं लागायचं आणि दरवेळी त्या सांगणाऱ्याचं तोंड नीट न्याहाळून बघायच्या.

डायलिसिसची मशीन रिकामी व्हायची वाट बघत असतानाच पिशवीच्या नळीत पिवळसर थेंब दिसला. मानसीला आधी आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ती खाली वाकून बघत राहिली. दुसरा थेंब आला, मग बारीक धार लागली. तिने जवळून जाणाऱ्या नर्सचं मनगट धरलं आणि पिशवी दाखवली.

मशीनची गरज पडली नाही. आठवड्याभराने मालनबाई घरी आल्या. किडन्या पूर्वीच्या जागी आल्या नाहीत, थोडं गेलं ते गेलंच. पाणी मोजून, मीठ जवळजवळ नाही, आणि रक्त आता दर महिन्याला. डॉक्टर म्हणाले, वाचल्यात हेच धरा.

त्या येण्याआधीच सिद्धेशने रुबार्ब गड्ड्यासकट उपटून टाकला होता. टाकी आणि ट्रेही मोडायला निघाला होता. मालनबाई मागच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, मासे कुठे जातील बिचारे, राहू दे. एवढंच बोलल्या. मुलाला त्या कधी काही बोलल्या नाहीत. मानसीला वाटायचं, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. एकदा रागावल्या असत्या, भांडी आपटली असती. पण त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत यायच्याच बंद झाल्या. फोडणीला काय घालू, म्हणून मानसी मुद्दाम विचारायची. तुला येतंय ते घाल, म्हणायच्या.

श्रुतिकाचे राहिलेले दिवस सगळ्या घराने श्वास रोखून काढले. प्रत्येक सोनोग्राफीला देवव्रतचा फोन येईपर्यंत मालनबाई देवासमोरून उठायच्या नाहीत. डॉक्टर सांगत होते, दोन घासांनी बाळाला काही झालेलं नाही. ते सगळ्यांनी ऐकलं, पण आतून कुणाला पटलं नाही. वैशाखात मुलगी झाली. तिच्या रडण्याने मजला डोक्यावर घेतला. मालनबाईंनी नातीच्या हातापायांची बोटं एकेक करून चाचपली, कान पाहिले, टाळू पाहिली, आणि मगच तिला मांडीवर घेतलं.

बाळंतपणाला श्रुतिका माहेरी बोरिवलीला आली. बाळंतिणीचं सगळं मानसी करायची. पहिल्याच दिवशी तिने शेपूची भाजी आणि मऊ भात ताटात वाढला आणि ताट आत घेऊन निघाली, तर मालनबाई दारात उभ्या. त्यांनी हात पुढे केला. मानसीला वाटलं, ताट त्यांना स्वतः न्यायचंय, म्हणून तिने दिलं. त्यांनी भाजीतला घासभर उचलून तोंडात टाकला, सावकाश चावला, गिळला, आणि ताट मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर बसल्या. उजवा हात गळ्यावर ठेवला.

"आई, शेपूच आहे ती. बाजारातून मीच आणली, मीच निवडली."

"असां दे."

"तुम्हाला मीठ चालत नाही."

"घासभरान काय होता?"

आत बाळ कुरकुरायला लागलं, मग श्रुतिकाचा त्याला गप्प करण्याचा आवाज आला. तिला भूक लागली होती, पण तिने हाक मारली नाही. भातावरची वाफ विरत गेली. पंखा गरगरत होता. मालनबाई डोळे मिटून बसल्या होत्या, आत कुठेतरी काही ओरबाडतंय का, जळतंय का, याचा अदमास घेत. मानसी ओट्याशी उभी होती. ती भाजी तिने स्वतः निवडली होती, धुतली होती, चिरली होती, तिच्या मनात शंका असायचं काही कारण नव्हतं. तरी तिलाही सासूच्या तोंडावरून नजर काढता येईना.

बऱ्याच वेळाने मालनबाईंनी गळ्यावरचा हात काढला.

"दे आता तिका," त्या म्हणाल्या. "निवलां असात तर गरम कर."